उचकी कधी साधी आणि कधी नाही

काल दुपारी शेतात हुरडा खाल्ल्यापासून वडिलांना उचकी लागली आहे, मधे तासभर थांबते आणि पुन्हा सुरू होते, असे आपण लिहिले आहे. घरचे सगळे ‘कोणी तरी आठवण काढतंय’ म्हणून पाहुण्यांची नावे घेत बसले आहेत, हेही वाचले. आमच्याकडे बीडलाही हेच चालते. नावे घेता घेता दहा मिनिटे सरतात, तेवढ्यात साधी उचकी आपसूक थांबते आणि श्रेय शेवटच्या नावाला मिळते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. त्याला अचानक झटका बसला की हवा आत ओढली जाते आणि सेकंदाच्या विसाव्या भागाच्याही आत स्वरयंत्राची फट मिटते. तो ‘हिक्’ आवाज त्या मिटण्याचा असतो. गरम हुरडा, लसणाची झणझणीत चटणी, गप्पांच्या नादात घाईने खाणे आणि वरून थंडगार ताक, इतक्याने जठर फुगून या स्नायूच्या नसा चाळवल्या जाणे स्वाभाविक आहे.

श्वास रोखून धरल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि झटके मंदावतात, म्हणून तो उपाय आधी करावा. चमचाभर कोरडी साखर गिळण्याचा आजीबाईचा उपायही पोकळ नाही: 1971 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी तो 20 रुग्णांवर करून पाहिला आणि 19 जणांची उचकी थांबली. मात्र वडिलांना मधुमेह असल्यास साखरेऐवजी थंड पाणी घोट घोट, न थांबता प्यायला द्यावे. दचकवणे आणि पाठीत बुक्की घालणे या वयात नकोच.

माझ्या सासऱ्यांची उचकी तिसऱ्या दिवशीही थांबेना, तेव्हा आम्ही ‘पित्त असेल’ म्हणत ओवा चावायला देत राहिलो. रक्त तपासल्यावर क्रिएटिनिन वाढलेले निघाले, म्हणजे दुखणे मूत्रपिंडाचे होते आणि आमचे दोन दिवस वाया गेले होते. तेव्हापासून मी घड्याळ पाहतो. 48 तासांहून अधिक टिकलेल्या उचकीमागे मूत्रपिंड, यकृत, छातीत चढणारे आम्ल, मेंदूतील बिघाड किंवा एखादे औषधही असू शकते; स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनांनंतर उचकी लागल्याचे डॉक्टरांना चांगले ठाऊक असते. उचकीवर क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे आहेत, पण त्यांनी रक्तदाब उतरतो आणि गुंगी येते, तेव्हा मेडिकलमधून परस्पर आणू नयेत.

आज रात्री वडिलांची उचकी झोपेत थांबते का, तेवढे लक्ष ठेवून पाहा, कारण झोपेतही चालू राहणारी उचकी बहुधा शरीरातल्या दुखण्याची असते. तोंड वाकडे होणे, चालताना तोल जाणे, गिळता न येणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. एरवी उद्या दुपारपर्यंत थांबली नाही, तर चालू गोळ्यांची पाकिटे सोबत घेऊन त्यांना दवाखान्यात न्या आणि उचकी नेमकी किती वाजता सुरू झाली ते डॉक्टरांना सांगा.