वाचकांचे प्रश्न : ‘बाउ’ आणि ‘बाहु’

प्रश्न : माझी नात सहावीत शिकते. परवा उतारा वाचताना तिने ‘थ्रू’ हा शब्द ‘थ्रफ’ असा वाचला. मी चूक दुरुस्त केली, तेव्हा तिने विचारले, “आजोबा, ‘टफ’मध्येही हीच ओ-यू-जी-एच अक्षरे आहेत, मग तिथे ‘फ’ का आणि इथे का नाही?” वर्गात ‘हे पाठच करायचे’ एवढेच सांगतात. या शब्दांचे अर्थ आणि उच्चारांमागचे कारण सांगाल का?
– एक आजोबा, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपल्या नातीची शंका अगदी रास्त आहे आणि तिला पाठांतरापेक्षा चांगले उत्तर आहे. या चार अक्षरांतील ‘जी-एच’ ही जोडी आज मुकी वाटते, पण एके काळी ती घशातून उच्चारल्या जाणाऱ्या एका स्पष्ट ध्वनीची खूण होती. उर्दू बोलणारा माणूस ‘ख़बर’ म्हणताना जो घासून निघणारा ‘ख़’ काढतो, त्याच्या जवळचा हा ध्वनी. जुन्या इंग्रजीत तो बहुधा ‘एच’ने लिहीत. 1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणात तयार झालेल्या लेखनिकांनी त्यासाठी ‘जी-एच’ रूढ केले. पुढे बहुतेक शब्दांतून हा ध्वनी लोप पावला, तर काही शब्दांत त्याचा ‘फ’ झाला. मागचे स्वरही प्रांतोप्रांती निरनिराळ्या दिशांनी सरकले. मात्र 1476 मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढल्यापासून लेखन हळूहळू स्थिर होत गेले होते. जीभ पुढे गेली आणि छपाईचे खिळे मागे राहिले, म्हणून एकाच लेखनाचे इतके उच्चार झाले. आपण मराठी माणसांनी याचे फार नवल करू नये, कारण ‘हे जग’ आणि ‘तू जग’ यांतले दोन निराळे ‘ज’ आपणही एकाच अक्षराने लिहितो.

आता शब्दांकडे वळू. सर्वांत सोपा गट ‘टी’ने संपणाऱ्यांचा आहे. ‘बॉट’ म्हणजे विकत घेतले, ‘ब्रॉट’ म्हणजे आणले, ‘फॉट’ म्हणजे लढला, ‘सॉट’ म्हणजे शोधले आणि ‘थॉट’ म्हणजे विचार केला किंवा नुसता विचार. या सर्वांत उच्चार ‘ऑट’ असाच होतो. नेहमीच्या शब्दांत अपवाद फक्त ‘ड्राउट’चा, म्हणजे अवर्षणाचा. याच गटातला ‘रॉट’ हा ‘वर्क’ या क्रियापदाचे जुने भूतकालवाचक रूप आहे. ‘रॉट आयर्न’च्या जाळीची जाहिरात आपण रोज वाचतो, तिचा शब्दशः अर्थ ‘घडवलेले लोखंड’ असा आहे.

‘फ’च्या गटात टफ म्हणजे चिवट, रफ म्हणजे खरबरीत, इनफ म्हणजे पुरेसे, कॉफ म्हणजे खोकला आणि ट्रॉफ म्हणजे जनावरांची गव्हाण किंवा डोणी, हे शब्द येतात. ‘दो’ म्हणजे ‘जरी’. ‘थ्रू’ म्हणजे ‘आरपार’, आणि ‘थरो’ हा मुळात त्याच शब्दाचा ठासून उच्चारलेला जुळा भाऊ आहे. जो अभ्यास विषयाच्या आरपार जातो तो ‘थरो’ म्हणजे सखोल, असे नातीला सांगितले तर दोन्ही अर्थ एकदमच ध्यानात राहतील. एका शब्दाला मात्र जपावे. ‘एस-एल’नंतर ही चार अक्षरे आली की ‘स्लाउ’ वाचल्यास दलदल, आणि ‘स्लफ’ वाचल्यास सापाने टाकलेली कात असा अर्थ होतो. दवाखान्यात ड्रेसिंग करताना परिचारिका जखमेवरच्या ज्या पिवळट मृत थराला ‘स्लफ’ म्हणते, तो हाच शब्द.

माझ्या मनाला सर्वांत भावणारी जोडी मात्र निराळीच आहे. ‘बाउ’ म्हणजे झाडाची मोठी फांदी. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘खांदा’ किंवा ‘भुजा’ असाही होता, आणि आपला संस्कृत ‘बाहु’ हा त्याचा सख्खा भाऊबंद आहे. दोघांच्या मूळ शब्दात ‘घ’सारखा महाप्राण ध्वनी होता. संस्कृतात तो विरळ होऊन ‘ह’ झाला; इंग्रजीच्या पूर्वज भाषेत त्याचा ‘ग’ झाला, शब्दाच्या शेवटी तो घशातला ‘ख़’ बनला आणि अखेर ‘जी-एच’ म्हणून कागदावर उरला. म्हणजे जिथे नातीला दोन निरुपयोगी अक्षरे दिसतात, तिथे ‘बाहु’मधला ‘ह’ उभा आहे. पिझ्झाच्या ‘डो’चेही तसेच आहे. ‘डो’ म्हणजे मळलेली कणीक, आणि ‘मळणे, आकार देणे’ या अर्थाच्या ज्या मुळापासून तो शब्द आला, त्यापासूनच आपला ‘देह’ आला. ‘डॉटर’ आणि ‘दुहिता’ हेही सख्खे. त्यात ‘ओ’ऐवजी ‘ए’ असला तरी ‘जी-एच’ तेच आहे. वजनाला हलका या अर्थाचा ‘लाइट’ आणि ‘लघु’ यांचेही नाते असेच असून, तिथे संस्कृताने ‘घ’ जसाच्या तसा राखला आहे. प्रत्येक ‘जी-एच’मागे ‘घ’ असतोच असे मात्र समजू नये. रात्र या अर्थाचे ‘नाइट’ आणि संस्कृत ‘नक्त’ पाहिले तर तिथे मूळ ध्वनी ‘क’ होता. या भाषा एकाच उगमातून आल्या असाव्यात, हा विचार संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात मांडला, आणि पुढच्या अभ्यासकांनी अशाच जोड्या लावून तो पक्का केला.

अप्पा बळवंत चौकात सहज मिळणाऱ्या शालेय कोशांत बहुधा उच्चार आणि अर्थ एवढेच असतात. आपण व्युत्पत्ती देणारा कोश मागून घ्यावा आणि तो नातीच्या हाताशी येईल असा ठेवावा.

प्रश्न : ‘डिलाइट’ म्हणजे आनंद, त्यातले ‘जी-एच’ही असेच जुने आहे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि येताना त्यात ‘जी-एच’ नव्हते. सोळाव्या शतकात ‘लाइट’, ‘नाइट’ यांच्या देखादेखी ते त्यात घुसवले गेले. ‘हिकप’ म्हणजे उचकी. तिचाही खोकल्याशी संबंध असावा अशा समजुतीने लोक तिच्या शेवटी ‘कॉफ’ची अक्षरे लिहू लागले, पण उच्चार मात्र ‘हिकप’ असाच राहिला. दोन्ही लेखने कोशांत सापडतात; मुलांना ‘यू-पी’ने संपणारे साधे लेखनच शिकवावे.