रोज क्षमा मागूनही अपराधीपणा जात नाही. ख्रिस्ती विश्वासानं तो खरंच जातो का?

वडील गेले तेव्हा तुम्ही पुण्यात कामावर होतात, तेव्हापासून रोज रात्री क्षमा मागता आणि तरी मन हलकं होत नाही, असं लिहिलंय. होणारच नाही. जे पाप नाही त्याची क्षमा कुठून मिळणार?

मी किल्लारीकडचा. 30 सप्टेंबर 1993ची पहाट, भूकंपाची. आदल्या रात्री गणपती विसर्जनाची मिरवणूक बघून उशिरा आलो आणि अंगणातल्या बाजेवरच पडलो. आत आज्जी आणि धाकटी बहीण. घर माळवदाचं. मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती, वर लाकूड, त्यावर पांढरी माती. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी नवा थर चढायचा, जुना कुणी काढत नसे. त्या उन्हाळ्यात शिडीवरून मातीच्या पाट्या मीच वर दिल्या होत्या. दोघी त्याच मातीखाली सापडल्या. बहिणीच्या केसांत, नाकात, मुठीत तीच माती. पुढं कैक वर्षं डोक्यात एकच हिशोब, त्यातल्या माझ्या पाट्या किती?

पत्र्याच्या शेडात प्रार्थनेला एक चुलते यायचे. म्हणायचे, "रडालास कशाला? देवानं तुला हेतूनं राखलंय." आणि हळूच, "गावात पाप लई वाढलं होतं." सहा वर्षांच्या पोरीनं काय केलं होतं हो? असल्या सांत्वनानं माणूस देवापासून तुटतो.

लातूरच्या एका म्हाताऱ्या बायबलबाईंनी, म्हणजे घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या बाईंनी, मला बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय वाचायला लावला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले. ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, असं येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. बाई म्हणाल्या, "तुझ्या नावावर नसलेलं कर्ज फेडत बसू नकोस." तेव्हापासून मी क्षमा मागणं सोडलं आणि बहिणीसाठी रडायला लागलो. बायबलातलं 88वं स्तोत्र वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच आहे. अशीही प्रार्थना चालते.

हां, वडिलांना तुम्ही खरंच टाकलं असेल, पैसे अडवले असतील, तर यातलं काही लागू नाही. मग लुबाडलेलं चौपट परत करायला निघालेल्या बायबलातल्या जकातदार जक्कयासारखी भरपाई करा, आई आहे, भाऊ आहेत. आणि झोपच उडाली असेल तर 14416वर टेलिमानसला, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा, त्यानं विश्वास बाटत नाही.

बुरुजाच्या गोष्टीतला येशूचा तो 'नाही' सांगितला की चुलते लगेच त्याच्या पुढचं वाक्य काढायचे, "पश्चात्ताप केला नाही तर तुम्हीही तसेच नाश पावाल." काका, ते ऐकायला उभ्या असलेल्या जिवंत माणसांना सांगितलंय. ढिगाऱ्याखालच्यांना नाही.