सलाईन झाल्या, अंगारा झाला, आता कुठं न्यावं?

प्रश्न : आमचे हे 44 वर्षांचे. पाच एकर वावर, कापूस आन् तूर. दिवाळीपासून त्यांचं काही खरं नाही. पहाटे तीनलाच उठून बसतात, जेवणावर मन नाही. वावरात गेले तर धुऱ्यावर बसून राहतात. विचारलं तर म्हणतात, ‘डोकं जड हाये, अंगात जीव नाही.’ गावातल्या डॉक्टरनं कमजोरी सांगून सलाईन लावल्या, फरक नाही. सासूबाईंना बाहेरची बाधा वाटते, त्यांनी अंगारा आणला. परवा हे म्हणाले, ‘मी नसलो तर तुमचं तरी नीट होईल.’ माझा भाऊ म्हणतो, मानसोपचाराच्या डॉक्टरकडं ने. पण लेकीचं लग्न जमवायचं आहे, गावात कळलं तर? आन् त्या गोळ्यांची सवय लागते म्हणतात, ते खरं का?
— एक भगिनी, दिग्रस तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, लग्नाचं आणि गोळ्यांचं सांगतेच, पण ते परवा जे बोलले त्याचं आधी. फवारणीचं औषध घरात कुठं आहे? माळ्यावर, खाटेखाली, न्हाणीच्या कोनाड्यात, जिथं असेल तिथून आजच काढा आणि भावाच्या घरी कुलपात ठेवायला द्या. तळाला उरलेली बाटलीसुद्धा. जीव द्यायची लहर पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळी हाताशी काय सापडतं, यावर माणूस राहतो की जातो हे ठरतं.

मग शांतपणे, सरळ विचारा : ‘जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येते का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनातलं बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषध पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी 108 ला फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. बाटली सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना विष कोणतं ते कळेल.

आता आजाराचं. पहाटेची जाग, मेलेली भूक, कशातच लक्ष नाही, मरणाची भाषा, आणि हे सारं दिवाळीपासून. पंधरा दिवस असं राहिलं तरी आम्ही नैराश्याचा विचार करतो. पक्कं निदान तपासूनच होईल. आपल्याकडचा शेतकरी ओपीडीत येऊन ‘मन उदास आहे’ असं क्वचितच म्हणतो. डोकं जड, छातीत धडधड, अंगात जीव नाही, असंच सांगतो. त्यात खोटं काही नाही, आजार अंगातूनच बोलतो. सलाईन म्हणजे मीठ-साखरेचं पाणी, त्यानं हे बरं व्हायचं नाही, आणि ऐन खर्चाच्या दिवसांत त्यावर पैसे जातात याचा मला फार राग येतो. रक्त, साखर, थायरॉइड मात्र तपासून घ्या, आणि दारू चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. कर्ज, बोंडअळी, पडलेला भाव, ही काळजी खरी आहे. पण झोप आणि भूक गेलेल्या माणसाला त्यातून वाट काढता येत नाही. म्हणून उपचार आधी.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातही आहे. सकाळची एसटी धरा, जुन्या चिठ्ठ्या सोबत घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कधी येतात, ते आशाताईंना विचारा. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांसाठी 2015 मध्ये मानसिक आरोग्याचा आणि समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्याचीही चौकशी करा. आणि रात्री-बेरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. ते स्वतः बोलायला तयार नसतील तर तुम्ही लावा. नेताना ‘झोपेसाठी दाखवून येऊ’ म्हणा. ते खरंच आहे, आणि झोपेच्या नावानं पुरुष लवकर तयार होतात.

राहिलं गावाचं. मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. कोणाला सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा. सासूबाईंशी वाद घालू नका : अंगारा कपाळाला राहू द्या, गोळी पोटात जाऊ द्या. पण कोणी बुवा गोळ्या बंद करा म्हणाला, किंवा अंगाला हात लावायला लागला, तर तिथून उठायचं.

नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. सवय लागू शकते ती झोपेच्या गोळ्यांची, म्हणून त्या डॉक्टर थोड्याच दिवसांसाठी देतात, मेडिकलमधून मनानं आणायच्या नाहीत. सुरुवातीला मळमळ होऊ शकते, गुण मात्र लगेच दिसायचा नाही. दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरेच लोक नेमके तेवढ्यातच ‘याचा काही उपेग नाही’ म्हणून सोडतात. दुसरे सोडतात ते बरं वाटल्यावर. तेव्हा गोळ्या तुमच्या हातानं, रोजच्या रोज द्या, अख्खं पाकीट त्यांच्याजवळ ठेवू नका. बरं वाटल्यानंतरही निदान सहा महिने चालू ठेवायच्या, आणि थांबवायच्या त्या डॉक्टरांनी सांगितल्यावर, हळूहळू कमी करत. पुढची तारीख ऐन वेचणीत आली तरी चुकवू नका, कारण गुण किती आला ते बघून डोस त्याच दिवशी बदलतात.