ग्रुप प्रोजेक्टमधून तिला बाहेर काढू नका

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. मुलगी बीसीएस झाली आणि आता पुण्यात सहा महिन्यांचं सॉफ्टवेअर ट्रेनिंग करते आहे. शेवटचे दोन महिने पाच जणांनी मिळून एक प्रोजेक्ट करायचा आहे. ते लिहितात, "हिला सगळं येतं, बाकीच्यांना हीच ओढते. एकाला तर साधा लूप लिहिता येत नाही. हिला स्वतंत्र प्रोजेक्ट द्या म्हणून मी कोऑर्डिनेटरना दोनदा फोन केला. ओळखीतला एक जण आठ हजारांत रिपोर्टसकट तयार प्रोजेक्ट देतो, तो घ्यावा का? की हे सोडून बँकेच्या परीक्षांना बसवू? हल्ली ती फोनवर फारसं बोलत नाही."

नमस्कार,

प्रोजेक्ट, मार्क आणि नोकरीवर तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि मुलगी बोलत नाही यावर एकच ओळ. मला काळजी वाटली ती त्या ओळीची.

कोऑर्डिनेटरना फोन करण्याआधी तुम्ही तिला विचारलं होतं का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. बावीस वर्षांच्या मुलीच्या वडिलांचा फोन आला, ही बातमी बॅचमध्ये संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला त्याच चौघांशेजारी लॅपटॉप उघडून बसायचं असतं. ज्याला लूप येत नाही, तोही तिथेच असतो. तिने घरी काही सांगितलं की त्याचा पुण्यात फोन होतो, हे तिच्या ध्यानात आलं असणार. मग ती सांगणं बंद करणारच. तुमची माया मला दिसते आहे, पण तिसरा फोन करू नका. आधीच्या दोन फोनबद्दल तिच्याजवळ दिलगिरी व्यक्त करा. बापाने मुलीला 'चुकलं माझं' म्हणायला हरकत नसावी.

तयार प्रोजेक्ट घेऊ नका. ती फसवणूक आहे, आणि ती मुलाखतीत पाच मिनिटांत उघडी पडते. "हे असंच का केलंस, दुसरं काय करून पाहिलंस?" या प्रश्नाचं उत्तर विकत मिळत नाही. बँकेचं म्हणाल तर आयबीपीएस या बँकभरती संस्थेची क्लार्क आणि पीओ म्हणजे अधिकारीपदाची परीक्षा कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, पुढे शिकायचं तर एमसीएची सीईटी, म्हणजे प्रवेशपरीक्षाही दरवर्षी होते. दोन्ही वाटा कोर्स पुरा केल्यावरही मोकळ्या आहेत.

आता तुमचा मुख्य गैरसमज. हुशार मुलीने एकटीने केलेला प्रोजेक्ट म्हणजे खरा, ग्रुपचा म्हणजे पाण्यात घातलेला, असं तुम्ही धरून चालला आहात. नोकरीत तिला असं एकटीचं काम क्वचितच मिळेल. पहिल्या दिवसापासून दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायचा, त्यात आपली भर घालायची आणि जुनं काही मोडलं नाही ना, ते पाहायचं. आज जवळपास प्रत्येक कंपनीत यासाठी गिट वापरतात, म्हणजे कोडमध्ये कुणी काय बदललं याची नोंद ठेवणारं साधन. ते 2005 साली जन्माला आलं ते याच गरजेतून: लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यावर जगभरातली माणसं एकाच वेळी काम करत होती, ज्या साधनावर ती अवलंबून होती त्याचा फुकट वापर बंद झाला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी नवं साधन लिहिलं. दोघांनी एकाच फाईलची तीच ओळ बदलली, तर गिट कुणाचीच बाजू घेत नाही. ते फाईलमध्ये सात कोनचिन्हांची रांग उमटवतं, त्याखाली एकाचा कोड, मग सात बरोबरच्या खुणा, त्याखाली दुसऱ्याचा. कुठला ठेवायचा ते दोघांनी बोलून ठरवायचं. हे बोलणं एकटीच्या प्रोजेक्टमध्ये होणार कुठून?

मी स्वतः अशा बॅचेस शिकवल्या आहेत. एका ग्रुपला मेसच्या हजेरीचं ॲप करायचं होतं. दोन मुलांनी आठ दिवस खपून लॉगिनचंच पान बनवलं, दोघांनी वेगवेगळं, कारण 'तू काय करतोयस' हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. नवव्या दिवशी कळल्यावर दोघांचे चेहरे उतरले. त्यानंतर रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या बोलायची सवय त्या ग्रुपने आपली आपण लावून घेतली. त्याआधी ती मी तीनदा सांगून पाहिली होती.

तुम्हाला हे परकं वाटू नये. दिवसपाळीने अर्धवट सोडलेली गाडी रात्रपाळी हातात घेते, तेव्हा कुठला पार्ट बदलला आणि काय राहिलं, हे लिहून ठेवलेलं नसेल तर काय होतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मुलगी प्रत्येक बदलासोबत गिटमध्ये जी एक ओळ लिहिते, ती तुमच्या डेपोतली तीच नोंद आहे. त्या नोंदीवर नाव आणि तारीख असते, त्यामुळे तिची मेहनत चौघांत हरवेल ही भीती नको.

तरी तुमच्या तक्रारीत एक खरी गोष्ट असू शकते. पाच जणांचं काम ती एकटीच रात्री जागून उरकत असेल, तर ते वाईटच आहे, आणि त्यात तिचीही थोडी चूक आहे. दुसऱ्याला समजावण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा आपणच लिहून टाकू, असं हुशार मुलांना फार वाटतं. शिवाय सगळे एकाच लॅपटॉपवर काम करत असतील, तर सगळ्या नोंदी त्या एकाच्याच नावावर चढतात. तिथे मात्र कुणी काय केलं ते कळत नाही. लूप न येणाऱ्या त्या मुलाच्या शेजारी तिने बसावं, कीबोर्ड त्याच्या हाती द्यावा आणि आपण फक्त बोलावं. आठवडाभरात तो एखादं छोटं पान लिहील, आणि समजावता समजावता तिचंही कच्चं कुठे आहे ते तिला दिसेल. तरीही कुणी कामच करत नसेल, तर ट्रेनरकडे तिने जायचं, तुम्ही नाही.

या रविवारी फोनवर मार्कांचं काढू नका. "ज्याला येत नव्हतं, तो मुलगा आता कसा आहे?" एवढं विचारा आणि ती बोलेल तितकं ऐका. प्रोजेक्टच्या शेवटी डेमो असतो. तो पाहायला येऊ का, हेही विचारा. ती हो म्हणाली, तर रजा टाकून जा.