जैसलमेरची नोकरी घ्यावी का?

ताई, मी २६ वर्षांची, कोल्हापूरची. हॉटेल मॅनेजमेंट करून पुण्यात एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. जैसलमेरच्या एका रिसॉर्टमधून बोलावणं आलंय. वरचं पद, दीडपट पगार, राहणं-जेवण त्यांचंच. १ ऑक्टोबरला रुजू व्हायचंय. आई म्हणते, 'सीमेवरच्या वाळवंटात एकटी मुलगी? त्यापेक्षा स्थळं बघू.' आठवडाभर ती फोनवर धड बोलत नाहीये. जाऊ की नको?
– गोंधळलेली

तू जावंस असं मला मनापासून वाटतं. पण सही करण्याआधी थांब. तुझ्या पत्रात पद आहे, पगार आहे, मे महिना मात्र कुठेच नाही.

जैसलमेरचा सगळा धंदा ऑक्टोबर ते मार्चचा. माघी पौर्णिमेच्या सुमारास मरू महोत्सव असतो, तेव्हा पर्यटकांची झुंबड उडते. एप्रिल लागला की गर्दी ओसरते आणि सम या जवळच्या गावातल्या वाळूतले कित्येक तंबू गुंडाळले जातात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी सहज ओलांडतो. शेजारच्या फलोदीत मे २०१६ मध्ये ५१ अंशांची नोंद झाली होती. त्या दिवसांत तुझ्या पगाराचं काय होणार? करार बारा महिन्यांचा आहे की सीझनपुरता? ऑफ-सीझनला अर्धा पगार, बिनपगारी रजा, की सरळ 'सप्टेंबरात कळवतो'? दीडपट पगार सहाच महिने मिळाला, तर वर्षाअखेर हातात पुण्यापेक्षा कमीच पडेल. राहणं-जेवण धरून हिशेब कागदावर मांड.

आणि 'राहणं त्यांचंच' म्हणजे नेमकं कुठे? सम हे गाव जैसलमेर शहरापासून जवळजवळ ४० किलोमीटर आहे. रिसॉर्ट त्या बाजूला असेल, तर औषधाची गोळी आणायलासुद्धा कुणाची तरी गाडी बघावी लागेल. खोलीत किती जणी, कूलर की एसी, रात्रपाळीनंतर सोडायला कोण येतं, हे एचआरला विचारून भागणार नाही. तिथे काम करणाऱ्या एखाद्या मुलीशीच बोल. तशी गाठ घालून द्यायला ते का-कू करू लागले, तर काय समजायचं ते समज. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील, तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते. तिच्या अध्यक्ष कोण, हे विचारायला अजिबात संकोचू नकोस. पीएफचंही विचार.

आता आई. तिची भीती उगाचची नाही गं. मे २०२५ मध्ये जैसलमेरवर ड्रोन आले, रात्री अख्ख्या शहराचे दिवे घालवावे लागले. तिने ते टीव्हीवर पाहिलं असणार. 'तसं काही नसतं' म्हणालीस तर तिचा जीव आणखी टांगणीला लागेल. त्यापेक्षा तसं काही झालं तर तू काय करशील, ते सांग. मोठं दुखणं निघालं तर जोधपूर गाठावं लागतं, रस्त्याने २८०-२९० किलोमीटर, हेही लपवू नकोस. स्थळांचा विषय मात्र या भांडणात मिसळू देऊ नकोस. बघायचीच असतील तर तू जैसलमेरला असतानाही बघता येतील. तेवढ्यासाठी आलेलं पद सोडून देणं मला पटत नाही.

ती फोनवर बोलत नाही ना? मग येत्या सुट्टीला कोल्हापूरला जा, कराराचा कागद तिच्यापुढे ठेव आणि शंका तिलाच काढू दे. इतकी वर्षं घर चालवलेली बाई आहे, तुला न सुचलेल्या अडचणी तिला दिसतील. त्या सगळ्या लिहून रिसॉर्टला मेल कर. एप्रिल ते सप्टेंबरच्या पगाराचं उत्तर लेखी आलं आणि ते तुम्हा दोघींना पटलं, तर बॅग भर. स्वेटर विसरू नकोस, डिसेंबर-जानेवारीत तिथल्या रात्री चांगल्याच गारठतात.