विंडोजचं मेल ॲप बंद झालं, जीमेल भरलं: ओपन सोर्स मेल ॲप कोणतं घ्यावं आणि मेल सर्व्हर घरी ठेवावा का?

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारले आहेत. विंडोजचं जुनं मेल ॲप बंद झाल्यावर लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोनवर कोणतं ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं, मेल ॲप वापरावं. जीमेलचे १५ जीबी भरत आले म्हणून घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचा मेल सर्व्हर चालवावा का. आणि धाकट्या भावाच्या वर्कशॉपच्या हिशेबाला असंच काही सॉफ्टवेअर मिळेल का. मी घरी फोटो, कागदपत्रं आणि पासवर्डसाठी अशी सॉफ्टवेअर चालवतो. मेल सर्व्हर मात्र मुद्दाम घरी ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नये असं मला वाटतं.

मेल ॲप, मेलचा पत्ता आणि मेल सर्व्हर (मेल घेणारं, साठवणारं आणि पाठवणारं मशीन) या तीन निराळ्या गोष्टी आहेत. जीमेलमध्ये तिन्ही एकत्र मिळतात, त्यामुळे आपण त्यांना एकच समजतो. यात सगळ्यात मौल्यवान आहे तो पत्ता. बँक, विमा, आधार, मुलांची शाळा, सगळीकडे तोच दिलेला असतो. पत्ता तुमच्या मालकीचा हवा आणि ॲप ओपन सोर्स असावं. सर्व्हर भाड्याचा असला तरी काही बिघडत नाही.

लॅपटॉपवर थंडरबर्ड घ्या. लिनक्सवर इव्होल्यूशन किंवा क्लॉज मेलही चांगली आहेत, पण तुम्ही विंडोजवर आहात आणि घरात इतरांनाही वापरायचं आहे, तेव्हा थंडरबर्डच. त्याची पहिली आवृत्ती २००४ साली आली. मधली काही वर्षं ते मागे पडलं होतं, पण २०२३ मध्ये ११५ व्या आवृत्तीत रूप पालटलं आणि आता ते नेमाने पुढे सरकतंय. जीमेलचं खातं जोडताना पासवर्ड थंडरबर्डला द्यावा लागत नाही. गूगलचं स्वतःचं लॉगिनचं पान उघडतं आणि तिथे परवानगी दिली की झालं. मेल कुलूपबंद करून पाठवायची ओपनपीजीपीची सोय २०२० पासून आतच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला जुन्या मेल ॲपचा आधार काढून घेतला आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळवलं. ते फुकट आहे, पण त्यात तुम्ही जीमेल किंवा दुसरं आयमॅप (सर्व्हरवरची मेल ॲपमध्ये दाखवायची पद्धत) खातं जोडलंत, तर त्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्येही जाते. थंडरबर्ड तुमच्या मशीनवरून थेट मेल सर्व्हरशी बोलतं, मध्ये तिसरं कुणी नसतं. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे.

फोनवरही थंडरबर्ड आहे. ते कोरं ॲप नव्हे. २००८ पासून चालत आलेलं के-९ मेल २०२२ मध्ये थंडरबर्डच्या छत्राखाली आलं आणि त्याच्यावरच बांधलेलं अँड्रॉइडचं थंडरबर्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये बाहेर पडलं. लॅपटॉपवरची खाती क्यूआर कोड दाखवून फोनवर घेता येतात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना फार सोयीचं पडतं. मेल उशिरा येतात अशी तक्रार मात्र तुम्ही नक्की कराल. बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवायच्या नावाखाली पार्श्वभूमीत चालणारी ॲप मारून टाकतात. सेटिंगमध्ये जाऊन थंडरबर्डला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करा, मग मेल वेळेवर येतील.

दुसरा पर्याय फेअरईमेल. नेदरलँडमधला एकटा प्रोग्रॅमर ते लिहितो आणि गोपनीयतेच्या बाबतीत त्याच्याइतकं काटेकोर मेल ॲप मी पाहिलेलं नाही. मेलमधली माग काढणारी चित्रं ते ओळखतं, लिंक उघडण्याआधी खरा पत्ता दाखवतं. पण सेटिंगांचं जंगल आहे. तुम्हाला त्यात रस असेल तर जरूर वापरा, आईवडिलांच्या फोनवर थंडरबर्ड टाका.

आता १५ जीबीचं. आधी गूगलच्या स्टोरेजच्या पानावर जाऊन बघा की जागा नेमकी कशाने खाल्ली आहे. ती जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली असते, आणि १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात. बहुतेक घरांत दोषी फोटो आणि व्हिडिओ असतात, मेल नव्हे. तरीही जुनी मेल हलवायची असतील तर थंडरबर्डमधल्या लोकल फोल्डरमध्ये ती नेता येतात. फक्त एक खाच आहे. इनबॉक्समधून मेल बाहेर काढली की जीमेल फक्त इनबॉक्सचं लेबल काढतं आणि मेल ‘ऑल मेल’ या सगळ्या मेलच्या फोल्डरमध्ये तशीच राहते. जागा मोकळी करायची तर ऑल मेलमधून ती ट्रॅशमध्ये टाकून ट्रॅश रिकामा करावा लागतो. आणि त्यानंतर त्या मेलची एकमेव प्रत तुमच्या लॅपटॉपवर असते, म्हणून थंडरबर्ड जिथे मेल साठवतं त्या प्रोफाइल फोल्डरचा बॅकअप आधी, ट्रॅश नंतर.

मेल सर्व्हर घरी का नको? सॉफ्टवेअर नाही म्हणून नव्हे. पोस्टफिक्स आणि डवकॉट ही मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची जोडी जगभर वर्षानुवर्षं चालते आहे, आणि मेलकाऊ किंवा मेल-इन-अ-बॉक्ससारखे संच सगळं एकत्र बसवून देतात. मेल येण्याचीही अडचण मोठी नाही. अडचण आहे ती तुमची मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पोहोचण्याची.

आपल्याकडच्या घरगुती जोडणीवर बहुतेक वेळा स्वतंत्र आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखायचा क्रमांक) नसतो, अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवलेले असतात. सर्व्हर सर्व्हरशी मेलची देवाणघेवाण २५ क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या ठरलेल्या दारावर) करतात, आणि स्पॅम रोखण्यासाठी इंटरनेट कंपन्या घरगुती ग्राहकांसाठी ते पोर्ट बहुधा बंदच ठेवतात. आयपी पत्त्यावरून नाव उलट शोधता यावं, अशी नोंद लागते. ती कंपनीच करू शकते, तुम्ही नाही. शिवाय स्पॅमहाउससारख्या संस्था घरगुती आयपी पत्त्यांच्या याद्या ठेवतात आणि कित्येक सर्व्हर त्या याद्या पाहून मेल दारातूनच परत लावतात. यातलं काहीही तुमच्या हुशारीवर किंवा मेहनतीवर अवलंबून नाही.

भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावर मेल चालवली तर यातल्या काही अडचणी सुटतात. मग मेल खरंच तुमच्याकडूनच आली हे समोरच्या सर्व्हरला पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी बिनचूक ठेवाव्या लागतात. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांसाठीचे नियम आणखी कडक केले. आणि अपडेट कधीच चुकवता येत नाहीत. राउंडक्यूब हे ब्राउझरमधून मेल वाचायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर कित्येक होस्टिंगवाले वापरतात. त्यात दहा वर्षं दडून राहिलेली एक गंभीर त्रुटी जून २०२५ मध्ये दुरुस्त झाली. दुरुस्ती आल्यावर ती लगेच बसवणारं माणूस घरी आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारा. तुम्ही गावाला गेलात आणि सर्व्हर बंद पडला, तर बँकेचे, रुग्णालयाचे, नोकरीचे मेल अडकतात. फोटो दोन दिवस दिसले नाहीत तर कुणाचं काही अडत नाही. मेलचं तसं नाही.

म्हणून स्वतःचं डोमेन, म्हणजे मेल पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव, घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आगेमागे खर्च येतो. त्यावर आडनावाचा पत्ता सगळ्या घराला देता येतो. मग मेल आज एका कंपनीकडे ठेवा, पटलं नाही तर उद्या दुसरीकडे न्या. डोमेनच्या एमएक्स नोंदी (मेल कोणत्या सर्व्हरकडे जावी हे सांगणाऱ्या) बदलायच्या, जुनी मेल आयमॅपने उचलून नव्या ठिकाणी टाकायची, पत्ता तोच राहतो. डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या खात्यातून नोंदवा, वेबसाइट करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या खात्यातून नको. नूतनीकरण चुकवू नका, कारण सुटलेलं डोमेन दुसऱ्याने उचललं तर तुमचे पासवर्ड बदलायचे मेलही त्याच्याकडे जातील. देवनागरीत .भारत डोमेनही मिळतं आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे, पण अनेक ठिकाणचे फॉर्म असा मेल पत्ता अजून स्वीकारत नाहीत. बँकेसाठी सध्या साधंच ठेवा.

मेलची कंपनी निवडताना दोन गोष्टी बघा: स्वतःचं डोमेन जोडता येतं का, आणि त्या योजनेत आयमॅप आहे का. आयमॅप नसेल तर थंडरबर्ड चालणार नाही. प्रोटॉन या मेलसेवेची ॲप ओपन सोर्स आहेत, पण थंडरबर्डशी जोडायला त्यांचा ब्रिज नावाचा वेगळा प्रोग्रॅम लागतो आणि तो पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. टूटा या मेलसेवेत आयमॅप नाहीच. झोहोबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. झोहो भारतीय आहे आणि चांगलं चालतं, पण त्याचा सोर्स कोड बंद आहे. तुम्हाला स्वदेशी हवं आहे की ओपन सोर्स, हे आधी ठरवा, कारण यात दोन्ही एकत्र मिळत नाहीत.

आता त्या जुन्या कॉम्प्युटरकडे येऊ. त्यावर फोटो ठेवा. इमिच नावाचं सॉफ्टवेअर २०२२ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची २.० ही पहिली स्थिर आवृत्ती आली. फोनवरचं ॲप वायफायवर आलं की फोटो आपोआप घरच्या डिस्कवर चढवतं. चेहरे ओळखणं, गावानुसार शोधणं, घरच्यांचे सामायिक अल्बम, सगळं आहे, आणि चेहरे ओळखण्याचं काम तुमच्याच मशीनवर होतं. ८ जीबी रॅम असेल तर बरं. घरातल्या लोकांना पहिल्या आठवड्यातच ज्याची गोडी लागते असं हे एक सॉफ्टवेअर आहे, म्हणून सुरुवात इथूनच करा. मोठा डेस्कटॉप चोवीस तास चालवू नका. जुन्या बाजारात मिळणारा छोटा मिनी पीसी घ्या, तो निवांत असताना दहा-पंधरा वॅट खातो. दहा वॅट म्हणजे महिन्याला साधारण सात युनिट. वीज जाते तिथे तो आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर टाका.

त्याखालोखाल मला पेपरलेस-एनजीएक्स आवडतं. कागद स्कॅन करून टाकायचे, ते त्यातला मजकूर वाचून शोधण्याजोगा करतं. त्यामागे चित्रातली अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट आहे आणि टेसरॅक्टला मराठी येतं. भाषा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही ठेवल्या की सातबारा, फेरफार, घरपट्टीची पावती यांत गटाचा क्रमांक किंवा गावाचं नाव टाकून शोधता येतं. छापील देवनागरी ते बऱ्यापैकी वाचतं, हस्ताक्षर नाही. वडिलोपार्जित जमिनीचे कागद ज्यांच्या घरी गाठोड्यात आहेत, त्यांनी यासाठी एक रविवार काढावाच.

पासवर्डसाठी सर्व्हर नको. कीपासएक्ससी लॅपटॉपवर, कीपासडीएक्स फोनवर, आणि पासवर्डची मधली एकच फाइल सिंकथिंगने दोन्हीकडे सारखी ठेवायची. बाहेरून घरच्या मशीनपर्यंत पोहोचायला राउटरवर पोर्ट उघडू नका. वायरगार्ड या खुल्या व्हीपीएनवर (कुलूपबंद खासगी जोडणीवर) चालणारं टेलस्केल वापरा, ते एका आयपीमागच्या गर्दीतूनही वाट काढतं. त्याचा जोडणी सांभाळणारा सर्व्हर बंद कोडचा आहे. ते खटकत असेल तर हेडस्केल हा खुला पर्याय आहे, पण तो पुढच्या वर्षी बघा. आणि बॅकअप. फोटोंच्या तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर, भावाकडे ठेवलेली डिस्कसुद्धा चालेल. हे जमत नसेल तर गूगलवरचे फोटो अजिबात पुसू नका. सगळं कसं चालतं याचा एक कागद लिहून घरच्यांना दाखवून ठेवा, कारण तुम्ही आजारी पडलात तर मुलांचे फोटो त्यांच्या हाती लागले पाहिजेत.

ओपन सोर्स म्हणजे कायम टिकेल असं नव्हे, हे निवडताना लक्षात असू द्या. अँड्रॉइडवरचे सिंपल मोबाइल टूल्स हे लोकप्रिय ॲपचे संच २०२३ च्या अखेरीस एका कंपनीला विकले गेले. स्किफ ही मेलसेवा नोशन या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतली आणि त्याच वर्षी बंद केली. सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं. पण पहिल्या ठिकाणी त्याच कोडवरून फॉसिफाय उभं राहिलं आणि सिंकथिंगचंही दुसरं अँड्रॉइड रूप लोक वापरत आहेत. स्किफची ॲप खुली होती, पण लोकांची मेल त्यांच्या सर्व्हरवर होती, तिथे कोडचा उपयोग झाला नाही. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते उचलून दुसरीकडे नेलं. म्हणून एखादं सॉफ्टवेअर निवडण्याआधी मी शेवटची आवृत्ती कधी आली, किती जण कोड लिहितात आणि माझा डेटा साध्या फाइलींच्या रूपात बाहेर काढता येतो का, हे बघतो. तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर पहिल्या दोघांकडे बघतही नाही.

भावाच्या वर्कशॉपसाठी ईआरपीनेक्स्ट बघा. ते मुंबईच्या फ्रॅपेचं आहे, पूर्ण ओपन सोर्स, आणि माल, खरेदी, विक्री, हिशेब एकत्र ठेवतं. जीएसटीसाठी त्यावर इंडिया कंप्लायन्स नावाचं वेगळं ओपन सोर्स ॲप बसवावं लागतं. पण दोन-चार माणसांच्या वर्कशॉपला ते जड जाऊ शकतं, आणि त्याचे सीए बहुधा टॅलीची फाइल मागतील. आधी सीएंना विचारून घ्या की ईआरपीनेक्स्टमधून काढलेली एक्सेल फाइल चालेल का. चालत असेल तर नव्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, १ एप्रिलला नवीन हिशेब त्यात उघडा आणि जुनी वर्षं आहेत तिथेच राहू द्या.