एकाच भट्टीचे दोन फोटो कशाला?

प्रश्न: सध्या मुलाकडे पिट्सबर्गला आलोय. इथे जुन्या वस्तूंच्या दुकानात एक पुठ्ठ्याचं कार्ड घेतलं, त्यावर पोलाद कारखान्याचे दोन सेम फोटो शेजारीशेजारी चिकटवलेत आणि कडेला कीस्टोन व्ह्यू कंपनी असं छापलंय. मिसेस म्हणतात, एकच फोटो दोनदा देऊन टोपी घातली तुम्हाला. हे नक्की काय आहे? मोबाईलवर असं काढता येईल का?
– एक वाचक, मूळ चिंचवड

उत्तर: टोपी नाही हो, हे स्टिरिओ कार्ड आहे! दोन्ही फोटो नीट बघा, पुढे उभा असलेला कामगार मागच्या खांबापासून एकात जरा लांब दिसेल आणि दुसऱ्यात जवळ, कारण कॅमेऱ्याला दोन भिंगं असायची, आपल्या दोन डोळ्यांसारखी. एका डोळ्याने एक आणि दुसऱ्याने दुसरा फोटो बघितला की दोन्ही मिळून एकच, खोली असलेलं चित्र दिसतं. लहानपणी व्ह्यूमास्टर बघितला असेल ना, तेच तंत्र. कीस्टोन तिथलीच, पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिलला १८९२ मध्ये सुरू झालेली, शाळांना असे सेट विकायची आणि कार्डामागे धडाच छापलेला असायचा. पिट्सबर्गचं पोलाद तर ठरलेला विषय. बेसेमर कन्व्हर्टर म्हणजे पोलाद बनवायचं मोठं भांडं, त्यात वितळलेल्या लोखंडातून खालून हवा फुंकायचे, त्यातला कार्बन जळून जायचा आणि तोंडातून ही मोठी ज्वाळा. साध्या फोटोत तो नुसता पांढरा डाग दिसतो, स्टिरिओत मात्र ज्वाळा पुढे येते, धूर मागे जातो आणि माणूस किती लहान ते एकदम कळतं.

कार्डावरचे फोटो एकमेकांपासून डोळ्यांच्या अंतरापेक्षा जास्त लांब असतात, म्हणून नुसत्या डोळ्यांनी जमणं अवघड. कार्डाचा मोबाईलवर फोटो काढा, तो लहान करून दोन्हीकडच्या त्याच माणसात सहाएक सेंटीमीटर अंतर ठेवा आणि स्क्रीनच्या पलीकडे लांब काहीतरी बघतोय अशी नजर सैल सोडा. मध्ये तिसरा फोटो तयार होईल. डोळे तिरळे करून बघू नका, मागचं पुढे येतं आणि ज्वाळेला खड्डा पडतो.

आता तुमचा फोटो. पिट्सबर्गजवळचा होमस्टेडचा पोलाद कारखाना १९८६ ला बंद पडला, तिथे आता मॉल आहे (विटांच्या बारा चिमण्या तेवढ्या ठेवल्यात). पण नदीपलीकडे कॅरी फर्नेसच्या १९०७ च्या दोन भट्ट्या अजून उभ्या आहेत, ९२ फूट उंच, १९७८ पर्यंत चालू होत्या, उन्हाळ्यात गाईडबरोबर आत जाता येतं. मेलेली भट्टी हलत नाही, म्हणून एकच मोबाईल पुरतो: डाव्या पायावर भार टाकून एक फोटो, उजव्या पायावर टाकून दुसरा. सगळ्यात जवळची वस्तू जेवढी लांब त्याच्या तिसाव्या भागाइतकं सरकायचं, म्हणजे गंजलेला पाईप तीन मीटरवर असेल तर दहा सेंटीमीटर. जास्त सरकलात की भट्टी खेळण्यातली वाटायला लागते, माझ्या पहिल्या फोटोंची तीच गत झाली होती.

अजून एक, लाल-निळ्या थ्रीडी चष्म्यासाठी फोटो करणार असाल तर आधी ब्लॅक अँड व्हाईट करा. गंजाचा तांबडा रंग एका डोळ्याला उजळ आणि दुसऱ्याला काळा दिसतो, मग डोकं दुखतं.

चालू कारखाना हवा असेल तर ब्रॅडॉकचा एडगर थॉमसन १८७५ पासून धूर सोडतोय, तो रस्त्यावरूनच काढा. मात्र वाफ हलते, तिथे डावा पाय-उजवा पाय चालणार नाही, दोन फोटो एकाच वेळी हवेत. दोन मोबाईल एका पट्टीवर बांधा, एक तुमचा, एक मिसेसचा, आणि एक-दोन-तीन म्हणून दोघांनी बरोबर दाबा.